लेसरडिस्क : एका कालबाह्य चित्रतबकडीचा इतिहास आणि साधनचिकित्सेचा प्रश्न

१

बाजारात ज्या वस्तूचा पराभव झाला तिचा इतिहास बहुधा विजयी वस्तूच्या इतिहासातील एखाद्या तळटिपेत उरकला जातो. तंत्रविद्येच्या इतिहासलेखनात ही प्रवृत्ती विशेष बळावलेली दिसते. जे टिकले ते टिकण्यास योग्यच होते आणि जे लोपले ते लोपण्यास पात्रच होते, असे गृहीत धरून लिहिलेला इतिहास म्हणजे वस्तुतः बाजाराच्या निकालपत्राची नक्कल होय. घरी चित्रपट पाहण्यासाठी निघालेल्या 'लेसरडिस्क' या प्रकाशीय तबकडीच्या वाट्याला असाच इतिहास आलेला आहे. अमेरिकेत १९७८ साली ती प्रथम विक्रीस आली, २००० साली तेथे तिच्यावरील नव्या चित्रपटांचे प्रकाशन थांबले आणि २००९च्या जानेवारीत जपानच्या पायोनियर कंपनीने तिची वाचनयंत्रे बनविणे बंद करीत असल्याचे जाहीर केले. महाग, अवजड, चित्रफितीपुढे न टिकलेली व डीव्हीडीने निकालात काढलेली वस्तू, एवढाच तिचा परिचय सामान्यतः दिला जातो.

हा परिचय खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. प्रस्तुत लेखात दोन गोष्टी दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. पहिली अशी की, चित्रपट हा संदर्भग्रंथाप्रमाणे 'वाचण्या'ची जी पद्धत आज सर्वमान्य आहे ती घडली या तबकडीवर. दुसरी, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची, अशी की, दस्तऐवज आणि वाचक यांच्यामध्ये जेव्हा यंत्र उभे राहते, तेव्हा साधनचिकित्सेचे जुने नियम रद्द होत नाहीत. उलट त्यांचे क्षेत्र वाढते.

२

चलच्चित्र तबकडीवर कोरण्याची कल्पना लेसरच्या शोधाहून जुनी आहे. जॉन लोगी बेअर्ड याने १९२७-२८ साली आपल्या ३० रेषांच्या दूरचित्रवाणीचे संकेत ग्रामोफोनसारख्या तबकड्यांवर मुद्रित केले होते. मुद्रण झाले, पण त्या काळच्या साधनांनी त्यांपासून समाधानकारक चित्र परत मिळविता आले नाही. या तबकड्यांचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागणार आहे.

लेसरडिस्कची परंपरा मात्र वेगळी आहे. डेव्हिड पॉल ग्रेग या अमेरिकन संशोधकाने १९५८च्या सुमारास पारदर्शक प्रकाशीय तबकडीची कल्पना मांडली. तिची पेटंटे पुढे एमसीए या मनोरंजन व्यवसायातील मोठ्या कंपनीने विकत घेतली. युनिव्हर्सल ही चित्रसंस्था याच कंपनीच्या मालकीची होती. इकडे हॉलंडमध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लास कॉम्पान व पीट क्रामर यांनी परावर्तन करणाऱ्या तबकडीवर काम चालविले होते. १९७२ साली दोन्ही कंपन्यांनी आपापली प्रात्यक्षिके दाखविली आणि पुढे स्पर्धा टाळून एकाच समान प्रमाणावर एकमत केले. तबकड्या एमसीएने काढावयाच्या आणि यंत्रे फिलिप्सने बनवावयाची, अशी ही वाटणी होती. १९७८च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील अटलांटा शहरात विक्रीस प्रारंभ झाला. तबकडीचे नाव तेव्हा 'डिस्कोव्हिजन' असे होते. 'लेसरडिस्क' हे नाव पुढे पायोनियरने रूढ केले.

तबकडीची रचना थोडक्यात समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. तिचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीइतका. पारदर्शक ॲक्रिलिकच्या दोन चकत्या, प्रत्येकीच्या आतील अंगास ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ लेप, आणि या दोन चकत्या पाठीला पाठ लावून गोंदाने चिकटविलेल्या. प्रत्येक बाजूवर सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल रेषा असते. लेसरचा किरण या रेषेवरून फिरतो. सपाट जागेवरून तो प्रखर परत येतो, खळग्यावरून क्षीण होऊन परत येतो, आणि या चढउतारातून चित्र व ध्वनी यांचे संकेत मिळतात. सुईचा स्पर्श नाही, म्हणून वाचनाने झीजही नाही.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तबकडी चकचकीत आहे आणि लेसरने वाचली जाते, एवढ्यावरून ती कॉम्पॅक्ट डिस्कप्रमाणे अंकीय असावी असे मानले जाते. तसे नाही. कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ध्वनीचे प्रथम अंकांत रूपांतर करतात आणि ते अंक कोरतात. लेसरडिस्कवरील खळग्यांची लांबी व त्यांमधील अंतर ही मूळ विद्युत्संकेताबरोबर अखंडपणे कमीअधिक होत जातात. चित्र अंकांत मोडलेले नसते. ध्वनी अंकीय स्वरूपात देण्याची सोय १९८०च्या दशकाच्या मध्यास झाली, पण चित्र अखेरपर्यंत अखंड संकेताच्याच रूपात राहिले. अंकीय तबकडीत गहाळ झालेला अंक गणिताने भरून काढता येतो. येथे तशी सोय नाही. ॲल्युमिनियमचा लेप जेथे बिघडला तेथे चित्रावर ठिपका उमटतो.

३

बाजारातील अपयशाची कारणे सुपरिचित असल्यामुळे ती संक्षेपाने सांगणे पुरेसे आहे. चित्रफितीच्या यंत्रावर दूरचित्रवाणीचा कार्यक्रम मुद्रित करून ठेवता येत असे. तबकडीवर ग्राहकास काहीही मुद्रित करता येत नसे. चित्रपट चालू असताना एकदा तरी उठून तबकडी उलटावी लागे. एमसीएच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यातून निघालेल्या प्रारंभीच्या तबकड्यांत सदोष मालाचे प्रमाण मोठे होते. चित्राची स्पष्टता मात्र वादातीत होती : व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांचा तपशील मिळे, तर लेसरडिस्कवर ४००हून अधिक. तरीही १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सुमारे दोन टक्के घरांतच तिचे यंत्र होते असा अंदाज केला जातो. जपानमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास सांगितले जाते. पायोनियरने १९८१ साली तेथे तिची विक्री सुरू केली होती, आणि हवे ते गाणे क्षणात शोधून देण्याच्या गुणामुळे काराओके व्यवसायाने तिला मोठा आश्रय दिला.

या कारणांपैकी पहिल्या कारणाकडे इतिहासकाराने अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. ग्राहकास मुद्रण करता न येणे ही केवळ तांत्रिक उणीव होती काय? १९७६च्या नोव्हेंबरमध्ये एमसीएच्या मालकीच्या युनिव्हर्सलने, डिस्नेच्या बरोबरीने, सोनी कंपनीवर दावा लावला. घरातील फितीवर कार्यक्रम मुद्रित करणे हा स्वामित्वहक्काचा भंग आहे, असे वादींचे म्हणणे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो फेटाळला. म्हणजे, ज्या संस्थेने मुद्रण करणाऱ्या यंत्राविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती, तीच संस्था त्याच काळात मुद्रण न करणारी तबकडी बाजारात आणीत होती. या दोन घटनांत एकाच धोरणाची दोन अंगे दिसतात, असे अनुमान करण्यास हरकत नसावी. चित्रपटाची प्रत ग्राहकाने विकत घ्यावी, परंतु ती तयार करण्याचा अधिकार चित्रसंस्थेकडेच राहावा, असे ते धोरण होय. ग्राहकांनी चित्रफितीचा पक्ष घेतला तेव्हा त्यांनी केवळ स्वस्त वस्तू निवडली असे नाही. पाहण्याची वेळ स्वतः ठरविण्याचा अधिकारही निवडला.

४

आता या तबकडीच्या विधायक कार्याकडे वळू. लेसरडिस्क दोन प्रकारची असे. पहिल्या प्रकारात तबकडी सतत एकाच वेगाने फिरे. अमेरिका व जपान येथील प्रमाणानुसार हा वेग मिनिटास १८०० फेरे, म्हणजे सेकंदास ३० फेरे असा होता. आणि दूरचित्रवाणीची चित्रेही सेकंदास ३०च. म्हणून प्रत्येक फेऱ्यात बरोबर एक चित्र बसे. किरण एकाच फेऱ्यावर पुन्हा पुन्हा फिरविला की चित्र स्थिर होई आणि वाटेल तितका वेळ तसेच राहू शके. अशा तबकडीच्या एका बाजूवर ३० मिनिटांची, म्हणजे ५४,००० चित्रे मावत, आणि त्यांतील प्रत्येक चित्रास स्वतःचा क्रमांक असे. दुसऱ्या प्रकारात वेग बदलत जाई. त्यात एका बाजूवर ६० मिनिटे मावत, परंतु साध्या यंत्रावर चित्र स्थिर करण्याची ही सोय राहत नसे.

या क्रमांकाचे महत्त्व अभ्यासकास सांगावयास नको. ज्या ग्रंथास पृष्ठांक नाहीत त्याचा संदर्भ देता येत नाही, आणि ज्याचा संदर्भ देता येत नाही त्यावरील विधान दुसऱ्यास पडताळून पाहता येत नाही. चित्रपटाविषयीचे लेखन दीर्घकाळ स्मरणावर अवलंबून होते. चित्रगृहात पाहिलेले दृश्य आठवून त्याविषयी लिहावयाचे, आणि वाचकाने आपल्या आठवणीशी ते ताडून पाहावयाचे, असा प्रकार होता. चित्रपटाची पट्टी संपादनाच्या मेजावर लावून तपासण्याची संधी थोड्यांनाच मिळे. लेसरडिस्कने ही संधी घरात आणि ग्रंथालयात आणली.

तिचा सर्वांत विचारपूर्वक उपयोग अमेरिकेतील क्रायटेरियन या प्रकाशनाने केला. १९८४ साली त्याने 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' हे दोन चित्रपट प्रसिद्ध केले. 'किंग काँग'च्या तबकडीवर चित्रपटाच्या मूळ ध्वनीबरोबर रोनाल्ड हेव्हर या चित्रपट-इतिहासकाराचे भाष्यही ऐकता येत होते. तबकडीवर ध्वनीच्या दोन स्वतंत्र वाहिन्या होत्या. जुन्या चित्रपटास एकच वाहिनी पुरत असल्यामुळे दुसरी मोकळी राहत होती, आणि तीत हे भाष्य बसविण्यात आले. यंत्रातील एका रिकाम्या जागेतून एक नवा वाङ्मयप्रकार निर्माण झाला असेच म्हणावे लागेल. मूळ संहिता आणि टीका एकाच पृष्ठावर छापण्याची जी रीत आपल्याकडील सटीक ग्रंथांत शतकानुशतके चालत आली आहे, तिचेच हे चलच्चित्रातील रूप होय. रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला चित्रपट दूरचित्रवाणीच्या चौकोनात बसविण्यासाठी दोन्ही कडांनी कापण्याची जी चाल होती, ती सोडून मूळ प्रमाण राखण्याचा आग्रहही याच तबकड्यांनी धरला. डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये व १९९७ साली अमेरिकेत आली तेव्हा भाष्य, प्रकरणवार विभागणी, पूरक चित्रे व मूळ प्रमाण ही सर्व सामग्री तिला तयार मिळाली. विजेत्याने जिंकलेल्याकडून वारसा घ्यावा, हा प्रकार राजकीय इतिहासातही अपरिचित नाही.

आणखी एका बाबतीत ही तबकडी साधन म्हणून मोलाची ठरली आहे. चित्रपटाचेही पाठभेद असतात. 'स्टार वॉर्स' हा १९७७ सालचा चित्रपट आणि त्याचे पुढील दोन भाग दिग्दर्शक-निर्मात्याने १९९७ साली दृश्ये बदलून पुनः प्रदर्शित केले, आणि त्यानंतर बदललेला पाठच अधिकृत मानला गेला. २००६ साली मूळ पाठ डीव्हीडीवर पुरवणीदाखल देण्यात आला, तेव्हा त्यासाठी १९९३ सालच्या लेसरडिस्क-संचासाठी केलेली मूळ प्रत वापरावी लागली. कर्त्याने स्वतःच जुना पाठ मागे घेतला असता अभ्यासकाने कोणता पाठ प्रमाण मानावा, हा प्रश्न ग्रंथसंपादकांना जुना आहे. तो चित्रपटासही लागू पडतो, हे या तबकड्यांनी लक्षात आणून दिले.

५

आतापर्यंत तबकडीने काय राखले ते पाहिले. तिला कोण राखणार, हा प्रश्न आता घ्यावयाचा आहे. त्यासाठी इंग्लंडमधील एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे.

विल्यम राजाच्या आज्ञेने १०८६ साली इंग्लंडमधील जमीनधारणेची जी पाहणी झाली, ती 'डोम्सडे बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. चामड्याच्या पत्रांवर लॅटिनमध्ये लिहिलेली ही दप्तरे इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येतात. या पाहणीस ९०० वर्षे होत असताना बीबीसीने एकॉर्न, फिलिप्स व लॉजिका या कंपन्यांच्या साह्याने नवी 'डोम्सडे' पाहणी हाती घेतली. देशाचे चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे विभाग पाडण्यात आले आणि मुख्यतः शाळांतील मुलांनी आपापल्या विभागातील जीवनाचे वर्णन लिहून छायाचित्रांसह पाठविले. या कार्यात दहा लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला. त्यातून आणि सरकारी आकडेवारी, नकाशे व चलच्चित्रे यांतून १९८६ साली दोन तबकड्या सिद्ध झाल्या. या लेसरडिस्कच होत्या, परंतु ध्वनीच्या जागी त्यांत संगणकास वाचता येईल अशी अंकीय माहिती भरली होती. त्या वाचण्यास विशिष्ट संगणक आणि विशिष्ट यंत्र लागे. या सामग्रीची किंमत सुमारे पाच हजार पौंड होती, त्यामुळे ज्या शाळांनी मजकूर पुरविला त्यांतील पुष्कळांना तो पाहता आला नाही.

२००२च्या सुमारास वृत्तपत्रांतून असे छापून आले की, ९०० वर्षांपूर्वीचे पुस्तक वाचता येते, पण सोळा वर्षांपूर्वीची तबकडी वाचता येत नाही. हे वाक्य तेव्हापासून अनेक ठिकाणी उद्धृत होत आले आहे. साधनचिकित्सेच्या दृष्टीने मात्र ते तपासून घेतले पाहिजे. तबकडीवरील खळगे जागच्या जागी होते, आणि चालू स्थितीतील काही यंत्रेही शिल्लक होती. २००२ सालीच लीड्स व मिशिगन या विद्यापीठांतील अभ्यासकांनी जुन्या संगणकाचे अनुकरण करणारी प्रणाली सिद्ध करून तबकडीतील माहिती नव्या संगणकावर आणून दाखविली. पुढे तबकडीच्या निर्मितीसाठी वापरलेल्या मूळ चित्रफिती सापडल्या व त्यांवरून चित्रांच्या अधिक चांगल्या प्रती करता आल्या. जनसामान्यांच्या लेखनाचा भाग बीबीसीने २०११ साली इंटरनेटवर खुला केला, पण २०१८ साली तेही संकेतस्थळ बंद झाले. त्याची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराने राखली आहे.

यावरून कोणता निष्कर्ष काढावा? तबकडी नष्ट झाली नव्हती. तिच्या भोवतीची व्यवस्था विस्कटली होती. यंत्र, संगणक, प्रणाली, दुरुस्ती जाणणारा मनुष्य आणि वापरण्याचा कायदेशीर हक्क, या साखळीतील एक कडी तुटली तरी दस्तऐवज मुका होतो. मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्यास हा अनुभव नवा नाही. कागद शाबूत असूनही मोडी वाचणारा नसेल तर रुमालातील पत्र बोलत नाही. मोडी मात्र परिश्रमाने कोणासही शिकता येते. लेसरची नळी परिश्रमाने उगवत नाही. फरक आहे तो येथे.

शिवाय तबकडीही अमर नाही. दोन चकत्यांमधील गोंदातून अथवा कडेने हवा शिरून ॲल्युमिनियमच्या लेपाचे ऑक्सिडीकरण होते आणि चित्रावर रंगीत ठिपक्यांचा पाऊस पडू लागतो. या विकारास तबकडीचे 'कुजणे' म्हणतात. वाचनाने झीज होत नाही म्हणून वस्तू चिरकाल टिकेल, हे अनुमान चुकीचे ठरले. झीज आतून झाली.

६

या परिस्थितीत गेल्या काही वर्षांत सुरू झालेला एक उद्योग इतिहासाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. जुन्या यंत्रातील लेसर तबकडीवरून जो कच्चा संकेत उचलतो तो यंत्राने चित्रात रूपांतरित करण्यापूर्वीच बाहेर काढावयाचा, जसाच्या तसा अंकांत साठवावयाचा, आणि चित्र करण्याचे काम संगणकातील प्रणालीवर सोपवावयाचे, अशी ही पद्धत आहे. याकरिता तयार झालेल्या उपकरणास 'डोम्सडे डुप्लिकेटर' असे नाव आहे, कारण त्याचा उगम उपरोक्त तबकड्या वाचविण्याच्या प्रयत्नात झाला. उपकरणाची रचना आणि प्रणाली दोन्ही सर्वांस मुक्तपणे उपलब्ध आहेत. त्यामुळे मूळ यंत्राच्या निर्मात्याने १९८०च्या दशकात केलेल्या तडजोडी आज आपणांवर बंधनकारक राहत नाहीत. साठविलेला संकेत उद्याच्या अधिक चांगल्या प्रणालीने पुन्हा वाचता येईल.

याहूनही लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. एकाच आवृत्तीच्या अनेक प्रती मिळविल्या, तर प्रत्येकीवरील बिघाड निरनिराळ्या जागी असतो. एका प्रतीत जेथे ठिपका आहे तेथे दुसऱ्या प्रतीत चित्र शाबूत असते. या प्रती एकमेकींशी ताडून त्यांतून एक शुद्ध प्रत संगणकाकरवी सिद्ध केली जाते. अनेक हस्तलिखिते समोर ठेवून गळलेला अथवा किडीने खाल्लेला शब्द दुसऱ्या पोथीवरून भरणारा पाठसंपादक हेच करीत आलेला आहे. बेअर्डच्या तबकड्यांची कथाही याच दिशेने गेली. ज्या संकेतांपासून स्वतः बेअर्डला चित्र मिळाले नव्हते, ते १९८०च्या दशकात व त्यानंतर डोनाल्ड मॅक्लीन या संशोधकाने संगणकाच्या साह्याने वाचले, आणि अर्ध्याहून अधिक शतक मुकी राहिलेली चित्रे प्रथमच नीट दिसली. वाचता न येणारा दस्तऐवज टाकून देण्याची घाई अभिलेखपालाने का करू नये, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

सारांश, लेसरडिस्कला अयशस्वी म्हणणे हे विक्रीच्या आकड्यांपुरते खरे आहे. चित्रपटास पृष्ठांक देणे, त्यावर टीका लिहिणे आणि त्याचे पाठभेद राखणे ही कामे तिने केली, आणि ती लोपल्यावरही ती कामे चालू राहिली. पण तिच्या इतिहासातील खरा बोध अभिलेखागारांसाठी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहिणाऱ्यास फिती, तबकड्या व संगणकीय नोंदी यांवाचून गत्यंतर नाही. अशा साधनाची नोंद करताना त्यातील मजकुराबरोबरच ते कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रमाणानुसार वाचले जाते, त्याच्या आणखी प्रती कोठे आहेत आणि त्यावर कोणाचे हक्क आहेत, हेही लिहून ठेवणे हा यापुढे साधनवर्णनाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे. शक्य तेथे यंत्रही जतन केले पाहिजे, आणि यंत्र चालू आहे तोवरच त्यातून कच्चा संकेत काढून घेतला पाहिजे. पदव्युत्तर वर्गांत साधनचिकित्सा शिकविताना कागद, शाई व लिपी यांच्याबरोबर या विषयासही जागा मिळावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.